तुमचे प्रश्न : तळ्यातली बायको, भोकाचं भांडं आणि काळ्या बैलाची बँक

मागच्या अंकात मी वेल्समधल्या लॅन्डव्हरी गावाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, की तिथे गुरं हाकणाऱ्याने काढलेली बँक होती आणि जवळच्या डोंगरात एका परीचं तळं आहे. एवढ्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले आता एक अख्खा भागच करा. मी स्वान्सीला तीन वर्षं होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे, तेव्हा या गावाला बऱ्याच चकरा झाल्या. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

ताई, त्या गावाचं नाव नक्की कसं म्हणायचं? माझा भाचा तिकडे आहे, तो एक सांगतो आणि गूगल दुसरंच सांगतं. (नाशिक)

दोघंही बरोबर असतील, कारण नावंच दोन आहेत. इंग्रजीत लॅन्डव्हरी, आणि वेल्श नाव साधारण थ्लानमधव्री. पहिला आवाज मराठीत लिहिताच येत नाही, जीभ ल ला लावायची आणि बाजूने हवा सोडायची, मांजर फिस्कारतं तसं. मी पहिल्यांदा स्टेशनवर तिकीट काढताना हा प्रयोग केला तर काउंटरवरच्या बाईंनी प्रेमाने टिश्यू पेपर पुढे केला. अर्थ मात्र छान आहे, पाण्यांमधलं देऊळ. आणि पाणी आहेच, तीन नद्या तिथे जवळजवळ येतात, त्यातल्या मोठीचं नाव तवी. जम्मूच्या तवीशी काही संबंध नाही, पण मला ऐकून उगाच बरं वाटलं. आणखी एक, त्यांच्याकडे आपला ऱ्ह आहे! ऱ्हास, ऱ्हस्व यातला. ऱ्हीस, ऱ्हिवाथ्लॉन अशी नावं इंग्रज माणूस अडखळत म्हणतो आणि आपण सरळ म्हणतो. वेल्श म्हातारे खूश होतात.

गाव अगदी लहान, दोनेक हजार वस्ती. पण 1485 मध्ये राजा तिसऱ्या रिचर्डने सनद दिलेलं बाजाराचं गाव, म्हणजे आजूबाजूच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी तेच शहर. स्वान्सीहून छोटीशी ट्रेन जाते, दिवसातून मोजक्याच फेऱ्या, एक चुकली की तुम्ही तिथेच. मी चुकवलीये.

तळ्यातल्या परीची गोष्ट पूर्ण सांगा ना. आमच्या आजीने सांगितलेल्या उर्वशी-पुरूरव्यासारखी वाटते. (सातारा, आणि अजून सहा जण)

अगदी तशीच, अट घालून आलेली बायको. पण उर्वशीच्या गोष्टीत राजवाडा आहे आणि इथे गोठा आहे, मला म्हणूनच ही जास्त आवडते.

तळ्याचं नाव थ्लिन अ व्हान वाख, गावापासून दक्षिणेला डोंगराच्या कड्याखाली. जवळच्या वाडीत एक विधवा राहायची, तिचा मुलगा गुरं घेऊन तळ्यावर जायचा. एक दिवस पाण्यावर बसून केस विंचरणारी बाई दिसली. पोरगा खुळावला, आणि हातात काय होतं तर आईने दिलेली भाकरी, बार्लीची. तीच पुढे केली. ती म्हणाली, तुझी भाकरी करपलेली, मी अशी सापडायची नाही, आणि बुडी मारून गायब. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली उद्या कच्चं पीठ घेऊन जा (आई कुठलीही असो, उपाय स्वयंपाकघरातूनच निघतो). दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, तुझी भाकरी ओली, तू मला नको. पण जाताना हसली. तिसऱ्या दिवशी अर्धीकच्ची भाजून नेली आणि काम झालं.

मग तिचा बाप पाण्यातून वर आला आणि सोबत हुबेहूब सारख्या दोन मुली. ओळख म्हणाला यातली तुझी कोण. पोरगा गोंधळला, तेवढ्यात एकीने पाऊल हळूच थोडं पुढे सरकवलं आणि चपलेचा बंद त्याने ओळखला. बाप म्हणाला ठीक आहे, हुंड्यात ही एका श्वासात जेवढी मोजेल तेवढी मेंढरं, गुरं, शेळ्या आणि घोडे देतो. आणि ती बाई मोजते कशी, तर एक दोन तीन चार पाच, एक दोन तीन चार पाच, एक दोन तीन चार पाच, असं श्वास संपेपर्यंत! आपले बाजारातले लोक फाडी धरून मोजतात ना, तसं पाचापाचाने. पुस्तकी माणसाला शंभराच्या पुढे मोजताना दम लागला असता. गोष्ट कोणी रचली असेल ते इथे कळतं बघा, कळप मोजणाऱ्यानेच.

अट एकच. विनाकारण तीन वेळा मारलंस तर मी परत जाणार. संसार झाला, मध्वाय गावाजवळ शेत घेतलं, तीन मुलं झाली. मग एका बारशाला जायचं होतं, तिला कंटाळा आलेला. ती म्हणाली माझे हातमोजे घरून आणून दे, मी घोडा आणते. तो मोजे घेऊन आला तर ही जागची हललेलीच नाही, म्हणून त्याने मोजा खांद्यावर लाडाने आपटला, चल चल. एक झाली. मग एका लग्नात सगळे हसत असताना ही रडायला लागली, त्याने हलवून विचारलं काय झालं, तर म्हणे यांचे हाल आता सुरू होणार. दोन. मग एका मयताला ही खो-खो हसली, का तर मेलेला माणूस हालातून सुटला. त्याने हात लावून गप्प केलं आणि तीन झाल्या. मला विचाराल तर तिचं दोन्ही ठिकाणी बरोबर होतं, फक्त चारचौघांत बोलायचं नसतं ते बोलली.

आता पुढचा भाग, जो मी कोणाला सांगायला लागले की माझ्याच अंगावर काटा येतो. ती घरी गेली आणि एकेका गाईला नावाने हाक मारायला लागली. ठिपक्यांची, बांडी, पांढऱ्या तोंडाची, सगळ्या निघाल्या तिच्यामागे. नुकतंच कापून आकड्याला टांगलेलं एक काळं वासरू होतं, त्यालाही हाक मारली, आकड्यावरच्या काळ्या पोरा, तूही धडधाकट घरी चल, आणि ते खाली उतरून चालायला लागलं. शेतात चार करडे बैल नांगराला जुंपलेले, ते नांगरासकट निघाले. सगळं खिल्लार तळ्यात गेलं. नांगराने ओढलेली चर डोंगरावर दिसते असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मला एकाने दाखवली, मला सगळीकडे चरच दिसल्या, मेंढ्यांच्या वाटा असतील, पण मी मान डोलावली.

त्या परीची मुलं वैद्य झाली असं तुम्ही लिहिलं होतं. ते खरं का दंतकथा? (कोल्हापूर, स्वतः आयुर्वेदिक डॉक्टर)

डॉक्टरसाहेब, वैद्य खरे, आई दंतकथा. म्हणजे मला तरी तसं वाटतं.

कथेत मुलं रोज तळ्याकाठी भटकायची आईला शोधत. एक दिवस एका फाटकापाशी ती भेटली, त्या जागेला वैद्यांचं फाटक म्हणतात. थोरल्याला, ऱ्हिवाथ्लॉनला, म्हणाली तुझं काम लोकांना बरं करणं, आणि औषधांच्या कृतींची पिशवी दिली. पुढे एकदा एका खोलगट जागी नेऊन कुठली वनस्पती कशाला चालते ते दाखवलं, त्या जागेलाही वैद्यांचंच नाव आहे.

आणि कागदोपत्री काय, तर ऱ्हिवाथ्लॉन आणि त्याची मुलं तेराव्या शतकात ऱ्हीस ग्रिग नावाच्या तिथल्या राजाचे वैद्य होते. त्यांच्या नावाने चालत आलेली औषधं चौदाव्या शतकाच्या शेवटाकडच्या एका मोठ्या वेल्श हस्तलिखितात उतरवून ठेवलेली आहेत. नंतर 1861 मध्ये हे सगळं इंग्रजी भाषांतरासकट लॅन्डव्हरीतच छापलं गेलं, परीच्या गोष्टीसह. घराण्यात वैदकी चालू राहिली पार अठराव्या शतकापर्यंत, मध्वायच्या चर्चमध्ये शिरताना 1719 आणि 1739 ला वारलेल्या बापलेकांच्या नावाचा दगड आहे, वैद्य म्हणून. पाचशे वर्षं एकाच गावात एकच धंदा! आपल्याकडे वैद्याच्या हाताला गुण आहे म्हणतो ना, तसा यांच्या हाताला गुण होता आणि तो कुठून आला याचं उत्तर म्हणून आई तळ्यातून आली असणार.

तळ्याचं पुढे काय झालं असंही कोणी विचारलंय. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यावर छोटं धरण बांधून थ्लनेथ्ली शहराला पाणी नेलं. कामावर माणसं कोण, तर लढायला नकार दिलेले लोक.

बैलाची बँक म्हणजे काय हो? गंमत केलीत ना? (सोलापूर)

गंमत नाही. 1799 मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या माणसाने लॅन्डव्हरीत बँक काढली, तिच्या नोटेवर काळा बैल. लोक काळ्या बैलाची बँक म्हणायचे. जागा म्हणजे गावातला किंग्ज हेड नावाचा जुना पब, तो अजून आहे. हा जोन्स स्वतः गुरं हाकणाऱ्यांपैकी.

हे हाकणारे लोक समजून घेतले पाहिजेत, गावाचा पैसा त्यांच्यावर होता. वेल्सच्या डोंगरात काळी आडदांड गुरं पिकायची आणि मांस खाणारं गिऱ्हाईक होतं लंडनला. रेल्वे यायच्या आधी शेकडो गुरं चालवत न्यायची, दोन-अडीचशे मैल. निघताना पुढचा माणूस मोठ्याने आरोळी ठोकायचा, हाइप्त्रू हो, हाइप्त्रू हो, की वाटेवरच्या शेतकऱ्यांनी आपली जनावरं पटकन आत घ्यावीत, नाहीतर कळपात मिसळून लंडनला जायची. एवढं चालायचं म्हणजे खूर झिजणार, म्हणून लोखंडी पत्र्या ठोकायचे, एका पायाला दोन कारण खूर दुभंगलेला. सोलापूरकरांना हे मी काय सांगणार, तुमच्याकडे बैलाला खाली पाडून पाय बांधून पत्री मारतात तेच दृश्य. बदकांसारखे पाळीव गीज न्यायचे तर त्यांना आधी पातळ डांबरातून आणि मग वाळूतून चालवायचे, पायाला बूट तयार.

या माणसांवर भरवसा मोठा ठेवावा लागायचा, गावची गुरं उधारीवर घेऊन जाणार आणि पैसे महिन्यांनी आणणार. म्हणून सोळाव्या शतकातल्या कायद्याने परवाना लागायचा आणि तो मिळायला माणूस तिशीच्या पुढचा, घरदार असलेला आणि लग्न झालेला हवा. लग्न झालेला का, तर परत येईल म्हणून, असं मी समजते. लंडनला भाडं किंवा कर भरायचा असला तरी लोक पैसे यांच्याच हाती द्यायचे. वाटेत लुटारू होतेच. रोकड घेऊन फिरण्यापेक्षा नोट बरी, आणि नोटेवर बैल असला की शेतकऱ्याला वाचता येत नसलं तरी कळतं कोणाची आहे. 1909 मध्ये ही बँक लॉइड्स बँकेने घेतली, ज्यांचं चिन्ह काळा घोडा. घोड्याने बैल गिळला.

टुम शॉन काटी म्हणजे वेल्सचा रॉबिन हूड का? मुलाच्या प्रोजेक्टसाठी हवंय, लवकर सांगा. (ठाणे)

प्रोजेक्टमध्ये दोन माणसं लिहायला सांगा, एक गोष्टीतला आणि एक खरा.

गोष्टीतला टुम चतुर चोर. लॅन्डव्हरीच्या दुकानात भांडं घ्यायला गेला. दुकानदाराने एक दाखवलं, हा म्हणतो याला भोक आहे. छे, कुठे? नीट आत डोकं घालून बघा ना. दुकानदाराने वाकून डोकं आत घातलं आणि याने भांडं खसकन खाली दाबलं, गळ्यापर्यंत. साथीदार दुकान साफ करून गेले आणि हा जाताना म्हणतो, भोक नसतं तर तुमचं डोकं आत कसं गेलं असतं? दुसरी गोष्ट, वाटेत लुटारूने पिस्तूल रोखलं, तर याने खोगिराची थैली कुंपणापलीकडे फेकली. लुटारू घोड्यावरून उतरून थैली आणायला गेला, थैलीत शिंपले, आणि टुम त्याच्याच घोड्यावर बसून पसार. गरिबांना वाटलं वगैरे नंतर चिकटलेलं असावं, मूळ मजा बनवाबनवीचीच आहे, आपल्या इरसाल गावकऱ्यांच्या गोष्टींसारखी.

खरा माणूस थॉमस जोन्स, जन्म 1530 च्या आसपास, ट्रेगारॉनचा, चांगल्या घरातला. 1559 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला माफीपत्र दिलं, म्हणजे तरुणपणी काहीतरी उद्योग केले होते हे नक्की. पण पुढे तो नावाजला कशासाठी, तर वंशावळी लिहिण्यासाठी! आपल्याकडे हेळवी येतात ना, दारात येऊन सात पिढ्यांची नावं वाचणारे, तसं काम, फक्त मोठ्या घराण्यांचं. म्हातारपणी 1607 मध्ये त्याने थोरामोठ्याघरच्या एका विधवेशी लग्न केलं. त्या लग्नाची दंतकथा अशी की त्याने खिडकीतून तिचा हात धरला आणि हो म्हण नाहीतर हात तोडतो असं धमकावलं. हे सांगून लोक हसतात, मला हसू येत नाही, प्रोजेक्टमधून गाळा.

त्याची गुहा म्हणून जी दाखवतात ती गावाच्या उत्तरेला, डिनास नावाच्या टेकडीवर, आता पक्ष्यांच्या अभयारण्यात. तोंड इतकं अरुंद की आडवं होऊन शिरावं लागतं. आत गेलं की भिंतीभर लोकांनी कोरलेली नावं. चोराच्या गुहेत आपलं नाव-गाव लिहून येणारे सगळीकडे सारखेच.

फोटोत एक चकाकता पुतळा आहे, पण त्याला तोंडच नाही. तोडलं का कोणी? (पुणे)

नाही हो, मुद्दाम तसा केलाय. स्टेनलेस स्टीलचा, सोळा फूट उंच, 2001 मध्ये किल्ल्याच्या पडक्या भिंतीजवळ उभा केला. शिरस्त्राण, अंगरखा, ढाल, भाला सगळं आहे आणि आत माणूस नाही, पोकळी. तो आहे थ्लवेलिन आप ग्रिफिद व्हाखन, जवळच्याच काएओचा जमीनदार. 1400 मध्ये ओवाइन ग्लिनडूर या वेल्श सरदाराने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि चौथा हेन्री राजा त्याला शोधत या भागात आला. साठीच्या आसपासचा हा म्हातारा म्हणाला मी वाट दाखवतो, आणि राजाची फौज रानावनात भलतीकडेच फिरवत राहिला, त्याची दोन मुलं ग्लिनडूरच्या सैन्यात होती. शेवटी सांगून टाकलं की मी तुम्हाला फसवलंय. 9 ऑक्टोबर 1401 ला राजासमोर त्याचे हाल करून मारला, जे वर्णन आहे ते मी इथे लिहित नाही. त्याच काळातल्या एका बखरकाराने त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय की मोठ्या मनाचा माणूस, घरात वर्षाला सोळा पिंपं वाइन लागायची. चेहरा कसा होता हे कोणाला माहीत नाही, वाइन किती लागायची ते माहीत आहे. पाहुणे फार येत असणार.

संध्याकाळी कारपार्कातून वर बघितलं की ऊन त्या रिकाम्या शिरस्त्राणातून येतं. फोटोत ते नीट येत नाही.

रस्त्यात दारुड्याचं स्मारक आहे म्हणतात? (औरंगाबाद)

दारुड्याचं नाही, दारूच्या अपघाताचं. गावाहून पूर्वेला जाताना हमरस्त्यालगत दगडी खांब आहे. 19 डिसेंबर 1835 ला टपालाची घोडागाडी, गाडीवान प्यायलेला, चुकीच्या बाजूने भरधाव, समोरून बैलगाडी म्हणा छकडा म्हणा आला, घोडे वळले आणि गाडी 121 फूट खाली, नदीजवळच्या झाडाला आपटून चक्काचूर. 1841 मध्ये टपालखात्याच्या तपासनिसाने खांब उभारला आणि हे सगळं, गाडीवानाच्या नावासकट, कोरून ठेवलं, इतर गाडीवानांनी धडा घ्यावा म्हणून. गाडीवानाला पाच पौंड दंड झाला. आपल्या घाटात 'दारू पिऊन वाहन चालवू नका' एवढंच असतं, यांनी बिचाऱ्याला नावानिशी जवळजवळ दोनशे वर्षं उभं केलंय.

पाच संतांची शिळा कुठे आहे? आमच्या यात्रा ग्रुपला दाखवायची आहे. (डोंबिवली)

पिमसाइंट नावाचं खेडं, नावाचाच अर्थ पाच संत. पाच भाऊ, सगळे साधू, वादळात सापडले आणि एका दगडाला टेकून झोपले, पाच डोक्यांचे खळगे पडले. ते अजून डोंगरात झोपलेत आणि दंतकथेतला राजा आर्थर परत आला की उठतील म्हणतात.

आता ग्रुपला दर्शन झाल्यावर हे सांगा: शेजारीच रोमन लोकांची सोन्याची खाण आहे, डोलायकोथी, साधारण इसवी सन 70-80 पासूनची. रोमनांनी अकरा किलोमीटरवरून पाट काढून डोंगरावर पाणी आणलं, टाक्यात साठवून एकदम सोडायचे की माती वाहून जाते आणि दगड उघडा पडतो. मग तो दगड कुटायचा. आणि ती संतांची शिळा म्हणजे दगड कुटायचं उखळ! खळग्यात हात घालून बघा, आतून गुळगुळीत, आपल्या वाड्यातल्या जुन्या उखळासारखा. खाण शेवटची 1938 मध्ये बंद पडली.

या गावाचा भारताशी काही संबंध? (नागपूर)

आहे एक. गावातली जुनी शाळा, लॅन्डव्हरी कॉलेज, 1848 मध्ये सुरू झाली ती थॉमस फिलिप्सच्या पैशावर, जो ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन होता, कलकत्त्यात नोकरी केलेला. मुलांना वेल्श शिकवायचीच अशी त्याने अट घातली, ज्या काळात शाळेत वेल्श बोललं तर मुलांना शिक्षा व्हायची. पैसा आला हिंदुस्थानातून आणि टिकली वेल्श. यावर काय वाटून घ्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी आई 68 ची आहे, गुडघे दुखतात. तळ्यापर्यंत चालवेल का? (पुन्हा नाशिक, भाच्याची मावशी)

तळ्याजवळच्या थ्लानद्यूसंट खेड्याच्या कारपार्कपासून तीनेक किलोमीटर, चढ सलग आहे पण रस्ता रुंद आणि खडीचा, काठी घेतली तर सावकाश होईल. वारा मात्र कानटोपी उडवतो. पूर्वी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लोक जमायचे, त्या दिवशी परी वर येते म्हणून, पण तुम्ही कोरडा दिवस बघून जा, रविवार धरून बसू नका. वर दुकान नाही, टपरी नाही, डबा न्या. आम्ही थालीपीठं नेली होती, सासूबाईंनी एक तुकडा पाण्यात टाकला. कोणी वर आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, जरा जास्तच भाजलं होतं.